घटक सात

बारा वर्षं झाली, असं सेवापुस्तिका म्हणते.
मी अकराच धरत होते,
मधलं एक बाळंतपणात आणि पटपडताळणीत गेलं.
केंद्रप्रमुख बेर्डेसर म्हणाले, बाई, फॉर्म भरा,
वरिष्ठ श्रेणी कुणी घरी आणून देत नाही.
दोन हजार शुल्क, परत न मिळणारं,
दहा घटक, प्रत्येकाखाली चाचणी,
मग प्रमाणपत्र, मग प्रस्ताव, मग
पंचायत समितीतलं ते टेबल
ज्याच्यावर पंखा आहे, फिरत नाही.

तिवरेबंदरात रेंज नाही.
रेंज सड्यावर, चिरेखाणीच्या पलीकडे
एका वाकड्या काजूखाली,
तीही खाडीकडे पाठ केली तर.
शाळा सुटली की चढते. पाऊण तास.
खाणीतला धोंडू पालये आता काही विचारत नाही,
एक चिरा पुढे सारतो, बसायला.
पडद्यावरचे तज्ज्ञ सांगतात, मूल केंद्रस्थानी हवं,
आणि नेमकं तिथेच, केंद्रस्थानी,
गोल गोल फिरत राहतं
पांढरं चक्र.

नवऱ्याने विचारलं, किती वाढतील?
आकडा सांगितला.
तो म्हणाला, पडवीचा पत्रा होईल, थकबाकी मिळाली तर.
आम्ही दोघांनी वर पाहिलं.

तावडेगुरुजींची चोवीस वर्षं होऊन गेली,
निवड श्रेणीची फाइल दोनदा हरवली, एकदा भिजली.
तेच म्हणाले, पैशासाठी शिकताय म्हणजे, बाई.
म्हटलं, हो.
आणि शिकतेयसुद्धा.
संध्याकाळी लिलाव असतो म्हणून
पहाटे टाकलेलं जाळं खोटं होतं का?
ते हसले नाहीत. खडू शोधत राहिले,
खडू त्यांच्या हातातच होता.

घटक सात: परिसरातून गणित.
वर्गातल्या उपक्रमाची चित्रफीत, तीन मिनिटं, जास्त नको.
अकरा मुलं, चार इयत्ता, एक वऱ्हांडा.
मी शिंपल्यांचे ढीग मांडले,
होडीचे दोन वाटे, जाळ्याचा एक,
तांडेलाचा दीड, खलाश्यांचा एकेक.
बोला, अपूर्णांकात कसं लिहाल?
चौथीतली रुद्राणी डोर्लेकर,
जिचा बाप दुसऱ्याच्या होडीवर जातो,
बराच वेळ ढिगांकडे बघत बसली.
मग पुढे सरकली, सगळे ढीग एकत्र केले
आणि त्यातली मोठी ओंजळ उचलून
पायरीखाली टाकली.
"असा नाय होत, बाय.
डिझेल पयला काढायचा.
मंग उरला तर वाटे."

बारा वर्षं मी वाटे शिकवतेय.
डिझेल कधी काढलंच नव्हतं.

चित्रफीत भरली तीन मिनिटं चाळीस सेकंद.
चाळीस कापायचे होते.
मी मला कापलं,
"नमस्कार, मी सौ." पासून "आजचा उद्देश" पर्यंत.
रुद्राणी राहिली, तिची ओंजळ राहिली,
मागे कुणाची तरी कोंबडी.

नवव्या दिवशी शेरा आला:
शिक्षकाची भूमिका स्पष्ट दिसत नाही.
पुन्हा सादर करा.

पुन्हा सडा. पुन्हा काजू.
धोंडूने चिरा आधीच मांडून ठेवलेला.
खाली खाडीच्या तोंडाशी होड्यांचे दिवे लागताहेत,
माझ्या फोनमध्ये नऊ टक्के.
वाट बघता बघता वहीच्या मागच्या पानावर
हिशेब मांडला:
शुल्क दोन हजार. दोन रिचार्ज.
तालुक्याला एस.टी. तीनदा, चौथी खेप धरायची.
बेर्डेसरांच्या शिपायाला चहा.
चप्पल, सड्यावरच्या कातळाने खाल्लेली.
खाली रेघ मारली.

एकसष्ट टक्के, म्हणतो पडदा.
बासष्ट.
उरला तर वाटे.